उलुरूची प्रदक्षिणा आणि माझे एक मत

तांबडमाती (ॲडलेड):

गेल्या जुलैमध्ये आम्ही दोघे ॲडलेडहून स्वतःच्या गाडीने मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकापर्यंत जाऊन आलो. एका बाजूचे अंतर साधारण १,६०० किलोमीटर आहे, म्हणजे पुणे ते दिल्लीपेक्षाही थोडे जास्त, आणि पोर्ट ऑगस्टा मागे पडल्यावर ज्याला शहर म्हणावे असे या वाटेवर काहीच लागत नाही. प्रवासवर्णन लिहायचे म्हणून मी टिपणे काढली होती. लिहायला बसलो तेव्हा मात्र प्रत्येक मुक्कामावर १४ ऑक्टोबर २०२३ ही तारीख आडवी येऊ लागली, आणि ती बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे वाटले. त्या दिवशी ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. येथील मूलनिवासींना राज्यघटनेत मान्यता द्यावी आणि संसदेला व सरकारला त्यांच्याविषयीच्या बाबींवर आपले म्हणणे सांगू शकेल असे त्यांचे एक मंडळ, ज्याला ‘व्हॉइस’ म्हटले गेले, घटनेतच स्थापन करावे, असा तो प्रस्ताव होता. येथे मतदान सक्तीचे असते आणि मी नागरिक आहे. सार्वमताच्या मतपत्रिकेवर खूण करायची नसते. रिकाम्या चौकटीत ‘येस’ किंवा ‘नो’ हा शब्द आपल्या हाताने लिहायचा असतो. मी ‘नो’ लिहिले.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे सांगतो. ‘ॲबोरिजिनी’ हा आपण शाळेत शिकलेला शब्द आता येथे अवमानकारक समजला जातो. ‘ॲबोरिजिनल लोक’ असे म्हणतात, आणि उत्तरेच्या टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक त्यांच्याहून वेगळे असल्याने त्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला जातो. मराठीत ‘आदिवासी’ हा शब्द अर्थाने अगदी जवळचा आहे, परंतु तो वापरला की आपल्या डोळ्यांपुढे नंदुरबार आणि गडचिरोली उभे राहतात, म्हणून मी ‘मूलनिवासी’ म्हणणार आहे. तोही शब्द आपल्याकडे राजकारणाने ओझावलेला आहे, हे मला ठाऊक आहे.

रस्त्याविषयी फार लिहीत नाही. स्टुअर्ट हायवे चांगला डांबरी आहे. समोरून येणारी ‘रोड ट्रेन’, म्हणजे तीन डबे जोडलेला पन्नास मीटरहून लांब ट्रक, शेजारून गेली की आपली गाडी हातभर बाजूला ढकलली जाते. ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी या सुमारे २५० किलोमीटरांत इंधन मिळत नाही. मला अधिक लक्षात राहिला तो वूमेराच्या आसपासचा फलक, ज्यावर रस्ता सोडून आत जाण्यास मनाई असल्याचे लिहिले आहे, कारण हा सगळा मुलूख शस्त्रचाचण्यांसाठी राखीव आहे. येथून पश्चिमेला वाळवंटात मारालिंगा आहे. १९५६ आणि १९५७ मध्ये ब्रिटिशांनी तेथे सात अणुस्फोट केले. त्याआधी १९५३ मध्ये ईमू फील्ड येथे दोन झाले होते. ती जमीन निर्मनुष्य आहे असे गृहीत धरण्यात आले. प्रत्यक्षात त्या वाटांनी पिढ्यान् पिढ्या ये-जा करणारी माणसे होती, काहींना आधी हलवण्यात आले होते, आणि इशाऱ्याचे फलक इंग्रजीत होते. सत्तावीस वर्षे ऑस्ट्रेलियात राहून, त्यातही याच राज्यात राहून, मला मारालिंगाचे नाव एवढेच माहीत होते. आपण भोपाळविषयी अनभिज्ञ असलेल्या माणसाला काय म्हणू, तेच मी त्या फलकासमोर स्वतःला म्हटले.

आता उलुरू. मी सह्याद्रीत वाढलेला माणूस आहे. डोंगर दिसला की त्याची वाट कोठून चढते हे डोळे आपोआप शोधू लागतात, आणि ३४८ मीटर उंचीचा तो एकसंध तांबडा खडक पाहून तसेच झाले. वाट दिसतेही. पश्चिमेच्या धारेवर, लाखो बुटांनी खडकाचा गंजलेला वरचा थर झिजवून काढलेली एक फिकट रेघ खालून वरपर्यंत गेलेली आहे. चढण्यासाठी लावलेल्या साखळ्या काढून टाकल्या आहेत. रेघ तशीच राहिली आहे. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद आहे. त्याच तारखेला १९८५ मध्ये या जमिनीची मालकी तेथील मूलनिवासी असलेल्या अनांगू लोकांना परत देण्यात आली होती, आणि ती देताना अशी अट होती की त्यांनी लगोलग ९९ वर्षांच्या कराराने ती राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला भाड्याने द्यावी. म्हणजे एका हाताने सातबारा मिळाला आणि दुसऱ्या हाताने भाडेपट्ट्यावर सही झाली. तरीही उद्यानाच्या मंडळात अनांगूंचे बहुमत आहे, तिकिटांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांना जातो, आणि चढू नका अशी विनंती ते तेव्हापासून करीत आले. विनंती करीत आले, हे महत्त्वाचे. मनाई त्यांनी चौतीस वर्षांनी केली, तीही चढणाऱ्यांचे प्रमाण पाचात एकाच्याही खाली गेल्यावर. चढणाऱ्या पर्यटकांसाठी त्यांच्या भाषेत ‘मिंगा’ हा शब्द होता. मिंगा म्हणजे मुंग्या.

आम्ही पायथ्याने फिरलो. ती साधारण साडेदहा किलोमीटरांची वाट आहे. ब्रह्मगिरीची फेरी केलेल्या माणसाला हे काय चालले आहे ते पायांतून कळते. देव डोक्यावर चढून पाहण्याची वस्तू नव्हे, त्याला उजवीकडे ठेवून चालावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण हे साम्य मी फार ताणणार नाही. त्यांचा ‘चुकुर्पा’ म्हणजे आपल्या अर्थाचा धर्म नव्हे. तो कायदा आहे, वंशावळ आहे, पाणी कोठे सापडते याचा नकाशाही आहे. मुतिजुलूच्या पाणवठ्यावर खडकात जे उभे चरे दिसतात, ते कुनिया या अजगर-स्त्रीने आपल्या भाच्याला मारणाऱ्या लिरू या विषारी सर्प-योद्ध्यावर उगारलेल्या काठीचे घाव आहेत. ही कथा सगळ्यांना सांगण्याजोगी आहे म्हणून फलकावर आहे. वाटेत काही भाग असे येतात जेथे छायाचित्र काढू नये अशी सूचना असते आणि कारण दिलेले नसते. काही जागा केवळ स्त्रियांच्या, काही केवळ पुरुषांच्या, आणि त्यांची गोष्ट आपल्यासाठी नसते. सगळे काही माहीत करून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, ही आपल्या शिक्षणाने दिलेली सवय तेथे पहिल्यांदा अडखळली.

मी ‘नो’ का लिहिले, हे आता सांगतो. १९९० मध्ये मंडल आयोगावरून रान पेटले तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो. त्या वेळी आमच्या कट्ट्यावर जे युक्तिवाद चालत, ते मी तीस वर्षांनी जसेच्या तसे येथे आणले. जन्मावरून वेगळे मंडळ कशाला, सगळे नागरिक सारखे, गरिबाला मदत करा पण जात पाहू नका, वगैरे. ‘नो’च्या प्रचाराचे ‘माहीत नसेल तर नाही म्हणा’ हे घोषवाक्य मला पटण्यासारखेच होते, कारण मला खरोखरच माहीत नव्हते. व्हॉइसला नोकऱ्या, जागा वा नकाराधिकार यांपैकी काहीही मिळणार नव्हते; त्याने फक्त सल्ला द्यायचा होता, आणि त्याची रचना संसदच ठरवणार होती. मी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नपत्रिकेवरून लिहिले. आज पुन्हा मतदान झाले तर मी काय लिहीन, हे मी येथे सांगणार नाही, कारण तो या धाग्याचा विषय होऊन बसेल. माझे म्हणणे एवढेच आहे की तेव्हाचे माझे कारण चुकीचे होते, आणि आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या अनेकांचे कारण तेच होते. देशभरात सुमारे ६० टक्के लोकांनी ‘नो’ म्हटले आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला, तेव्हा आपल्या मूठभर मतांनी काही बदलले नसते, हे खरे आहे. तरीही आपल्यातल्या चर्चेत मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले: ‘हे त्यांचे आणि गोऱ्यांचे भांडण आहे, आपण तेव्हा येथे नव्हतो.’ ज्या ॲडलेडमध्ये माझे घर आहे, ती कौर्ना लोकांची भूमी आहे. १८३६ मध्ये ही वसाहत स्थापन करण्याच्या राजाच्या सनदेतच मूलनिवासींच्या आणि त्यांच्या वंशजांच्या ताब्यातील जमिनीच्या हक्कांना बाधा येऊ नये असे कलम घातलेले होते. ते पाळले गेले नाही. माझ्या घराच्या कागदांची साखळी मागे नेली तर ती त्या न पाळलेल्या कलमापाशी जाऊन पोहोचते, आणि मी ते घर विकत घेताना ‘आपण तेव्हा येथे नव्हतो’ असे म्हणून कोणाला काही सूट दिली नव्हती.

अनुभव आणि मतभेद, दोन्ही वाचायला आवडतील.

कोरांटी (मेलबर्न):

लेख आवडला. तुम्ही घराच्या कागदांपर्यंत गेलात. मला तारखेविषयी लिहायचे आहे. २६ जानेवारीला आमच्याकडे सकाळी झेंडावंदन असते, ‘जन गण मन’ होते, मग उपासाचे नसले तरी साबुदाणावडे असतात. त्याच दिवशी येथे ‘ऑस्ट्रेलिया डे’ असतो आणि शहराच्या मध्यभागी हजारो लोक मोर्चा काढतात, कारण १७८८ मध्ये याच दिवशी सिडनीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश झेंडा रोवला गेला. १९३८ मध्ये, दीडशे वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा चालू असताना, मूलनिवासी कार्यकर्त्यांनी हा ‘शोकदिन’ म्हणून पाळला. १९७२ मध्ये याच दिवशी कॅनबेरात जुन्या संसदभवनासमोरच्या हिरवळीवर एक छत्री रोवून त्यांनी आपला ‘तंबू-दूतावास’ उभारला. आपल्याच देशात आपण परके आहोत, म्हणून दूतावास. तो आजही तेथे आहे.

आपली २६ जानेवारी १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेवरून आली. एकाच साम्राज्याच्या एका टोकाला ती तारीख त्याला घालवण्याची आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या येण्याची. वर्षानुवर्षे मी दोन्हींचे लाडू एकाच डब्यात खाल्ले. माझा नागरिकत्वाचा समारंभही नेमका त्याच दिवशी झाला होता आणि मला तो योगायोग फार गोड वाटला होता. हल्ली मुलगी शाळेतून आल्यावर विचारते, ‘आई, आपण कोणती साजरी करतोय?’ मी ‘भारताची’ असे उत्तर देते आणि ते तिला पुरत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसते.

सातपुडा (नाशिक):

मी ऑस्ट्रेलियात कधी गेलेलो नाही, परंतु आदिवासी भागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. आपण मंडल आणि आरक्षण यांच्याशी केलेली तुलना चुकीची होती, हे आपणच म्हटले आहे. मग योग्य तुलना कोणती? व्हॉइससारखी व्यवस्था आपल्या राज्यघटनेत १९५० पासून आहे. पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्रे असलेल्या राज्यांत जनजाती सल्लागार परिषद असते. तिचे सदस्य जास्तीत जास्त वीस, आणि त्यांतले शक्यतो तीन चतुर्थांश अनुसूचित जमातींचे आमदार. महाराष्ट्रातही ती आहे. या धाग्यावरच्या किती जणांनी तिचे नाव ऐकले आहे? घटनेत असलेली, केवळ सल्ला देणारी संस्था किती प्रभावी ठरते, याचा आमचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. बैठका होतात, इतिवृत्त लिहिले जाते.

ज्याने फरक पडला, ते सल्ल्याचे नव्हे तर संमतीचे कायदे होते. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने आपल्या जंगलातल्या बांबूवर हक्क मिळवला, तेव्हा ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची जुनी घोषणा प्रथमच हिशेबाच्या वहीत उतरली. २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो टिकला. म्हणून मला विचारावेसे वाटते की व्हॉइस हरल्याचे दुःख करताना तेथील लोकांकडे आधीपासून नकाराचा काही अधिकार आहे काय? असेल, तर मोठी गोष्ट ती आहे.

तांबडमाती:

@सातपुडा, आपला प्रश्न इतका नेमका आहे की मूळ लेखात हे न लिहिल्याची खंत वाटते. अधिकार आहे, पण प्रदेशागणिक वेगळा. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या जमीनहक्क कायद्याने परंपरागत मालकांना खनिजशोधाला नकार देता येतो, आणि त्या प्रदेशातील जवळपास निम्मी जमीन आज या कायद्याखाली त्यांच्या मालकीची आहे. या कायद्यामागची गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट १९६६ मध्ये वेव्ह हिल या एका ब्रिटिश कुटुंबाच्या प्रचंड गुरांच्या कुरणावर काम करणारे गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे काम सोडून निघाले. बाहेरच्यांना वाटले की पगाराचा संप आहे, कारण त्यांना गोऱ्या कामगारांच्या तुलनेत नगण्य मोबदला मिळे, बराचसा पीठ-साखर-चहाच्या रूपात. त्यांचे म्हणणे मात्र जमिनीचे होते, आणि ते नऊ वर्षे हटले नाहीत. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या तळहातावर मूठभर माती ओतली. ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

तेच ‘नेटिव्ह टायटल’ म्हणतात ते वेगळे आणि पुष्कळ दुबळे आहे. ते ज्यातून आले त्या १९९२ च्या माबो निकालाने ही भूमी ब्रिटिश येण्याआधी कोणाचीच नव्हती हा समज मोडीत काढला. तो दावा लढणारे एडी माबो स्वतः निकालाच्या पाचच महिने आधी वारले. त्या हक्कात वाटाघाटीची संधी मिळते, नकाराधिकार नाही. शिवाय अखंड संबंध सिद्ध करावा लागतो, म्हणजे ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत पुरते हुसकावले त्यांनाच सिद्ध करणे सर्वांत कठीण.

रोखठोक (सिडनी):

इतरांना पटणार नाही असे काही लिहितो, कृपया शांतपणे वाचावे. मीही ‘नो’ लिहिले आणि मला त्याची खंत नाही. एक, ‘नो’च्या प्रचारात सर्वांत पुढे असलेल्या सिनेटर जसिंता नामपिजिनपा प्राइस या स्वतः वार्लपिरी या मूलनिवासी समाजातल्या आईच्या पोटी जन्मलेल्या आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावच्या आहेत. दुसऱ्या टोकाला सिनेटर लिडिया थॉर्प यांनी, आधी मूलनिवासींशी करार करा, म्हणून विरोध केला. मग ‘मूलनिवासींचे म्हणणे’ असे एकच कोठे आहे? दोन, सरकार यांच्यावर प्रचंड पैसा खर्च करते आणि ॲलिस स्प्रिंग्जमध्ये संध्याकाळी काय दृश्य असते ते तुम्ही सोयीस्करपणे वगळले आहे. दारू, घरातली मारहाण, रात्री रस्त्यावर फिरणारी मुले. तेथे आणखी एक समिती काय करणार होती? तीन, हा देश आपल्याला सर्वांना समान मानतो म्हणून आपण येथे आलो. रक्तावरून वेगळे दालन घटनेत लिहिणे मला आजही अयोग्य वाटते.

तांबडमाती:

@रोखठोक, तुमच्या पहिल्या मुद्द्यातले अर्धे मान्य आहे. एकमत नव्हते, आणि कोणत्या समाजात असते? परंतु मतदान कसे झाले ते पाहावे. लिंगियारी हा मतदारसंघ, होय, त्यांच्याच नावाचा, एकूण ‘नो’कडे गेला, मात्र त्याच मतदारसंघात दुर्गम वस्त्यांवर विमानाने आणि गाड्यांनी जाणाऱ्या फिरत्या मतदान केंद्रांवर ‘येस’ला भक्कम बहुमत होते. ज्यांच्यासाठी मंडळ हवे की नको हे ठरत होते, त्यांचा कौल त्या पेट्यांत दिसतो.

ॲलिस स्प्रिंग्ज मी वगळले, हा आरोप रास्त आहे. परतीच्या आधी दोन रात्री आम्ही तेथे होतो आणि मला त्याविषयी लिहिणे अवघड गेले. वाईनची बाटली घ्यायला गेलो तर दुकानाच्या दारात गणवेशातला एक माणूस उभा होता. ओळखपत्र सगळ्यांनाच दाखवावे लागते. माझ्यापुढे असलेल्या मूलनिवासी बाईंना त्याने, ही कोठे बसून पिणार, असे विचारले, कारण त्यांच्या वस्त्यांत दारूला बंदी आहे आणि सार्वजनिक जागीही. म्हणजे ज्याचे घर अशा वस्तीत आहे त्याला कायद्याने पिण्यास जागाच नाही. मला त्याने तो प्रश्न विचारला नाही. मी हॉटेलात उतरलो आहे, हे त्याने माझ्याकडे पाहूनच ठरवले असावे. दारूबंदी नको असे माझे म्हणणे नाही; ती मागणाऱ्यांत मूलनिवासी स्त्रियाच पुढे असतात. पण ॲल्बर्ट नामाजिरा यांचे उदाहरण डोक्यातून जात नाही. हर्मन्सबर्गचे ते थोर जलरंगचित्रकार; राणीपुढे त्यांना नेले गेले, १९५७ मध्ये त्यांना इतर मूलनिवासींवरची बंधने उठवून पूर्ण नागरिकत्व दिले गेले, म्हणजे ते दारू विकत घेऊ शकत होते. त्यांनी ती नातेवाइकाबरोबर वाटून घेतली आणि तो मात्र ‘नागरिक’ नव्हता, म्हणून १९५८ मध्ये त्यांना शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी ते गेले. आपल्याकडे घासातला घास देणे हा ज्या नात्यात धर्म आहे, तेथेही तसाच आहे, आणि कायद्याने नेमका तोच गुन्हा केला.

‘आणखी एक समिती’ याविषयी. १९९० पासून अशी एक निवडून आलेली संस्था होती. २००५ मध्ये संसदेने ती एका कायद्याने बरखास्त केली. दोन वर्षांनी, जून २००७ मध्ये, केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतील वस्त्यांत ‘हस्तक्षेप’ केला. मुलांवरील अत्याचारांचा एक गंभीर अहवाल आला होता, हे खरेच. त्या अहवालाची पहिलीच शिफारस मूलनिवासींशी खरा विचारविनिमय करा अशी होती. त्याऐवजी सैनिकांची तुकडी गेली, वंशभेदविरोधी कायदा त्या उपायांपुरता स्थगित केला गेला, लोकांच्या भत्त्यातला निम्मा भाग सरकारने राखून ठेवला, आणि वस्त्यांच्या वेशीवर दारू व अश्लील साहित्य यांना बंदी असल्याचे मोठाले फलक लागले. तुम्ही आपल्या घरी चाललेला आहात आणि गावाच्या वेशीवर तुमच्या सगळ्या गावाबद्दल असे लिहिलेले आहे, अशी कल्पना करावी. घटनेत मंडळ हवे, ही मागणी या अनुभवातून आली होती. साध्या कायद्याने दिलेले साध्या कायद्याने जाते. ती मागणी मे २०१७ मध्ये उलुरूजवळच झालेल्या मूलनिवासींच्या परिषदेने केली.

तुमचा तिसरा मुद्दा तत्त्वाचा आहे आणि त्यावर मी तुम्हाला हरवू शकेन असे मला वाटत नाही. एवढेच सांगतो की घटनेतून वंश कधी गेलेलाच नव्हता. १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘येस’ म्हटले. त्याने मूलनिवासींना मताधिकार मिळाला असा गैरसमज आहे, तो केंद्रात १९६२ मध्येच मिळाला होता. १९६७ ने त्यांची गणना न करण्याचे कलम काढले, आणि एखाद्या वंशाच्या लोकांसाठी खास कायदे करण्याच्या केंद्राच्या अधिकारात त्यांनाही आणले. तो अधिकार आजही आहे. २००७ चा हस्तक्षेप तसाच खास कायदा होता.

लोहखनिज (पर्थ):

मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारामध्ये खाणउद्योगात आहे, म्हणून हे नाव घेतले आहे. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने जुकन गॉर्ज येथील खडकातील निवारे सुरुंगाने उडवले, तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होतो, पण त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये कोणी कोणाकडे पाहत नव्हते. त्या जागी ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. तेथे माणसांच्या केसांची वेणी घालून केलेल्या पट्ट्याचा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा तुकडा सापडला होता, आणि त्यातील डीएनए आजच्या पुटू कुंटी कुरामा व पिनिकुरा लोकांशी जुळत होता. @तांबडमाती यांनी वर जो अखंड संबंध सिद्ध करावा लागतो असे लिहिले आहे, तो याहून अधिक कसा सिद्ध करायचा?

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ते बेकायदा नव्हते. राज्याच्या १९७२ च्या वारसा कायद्याखाली कंपनीला २०१३ मध्येच परवानगी मिळालेली होती, आणि महत्त्वाचे अवशेष त्यानंतरच्या उत्खननात सापडले. एकदा दिलेली परवानगी नव्या माहितीवरून फेरविचारात घेण्याची मूलनिवासींना सोय नव्हती. पुढे कंपनीचे मुख्याधिकारी गेले, संसदीय चौकशी झाली, राज्याने नवा कायदा केला. तो १ जुलै २०२३ ला लागू झाला, शेतकरी आणि जमीनमालकांनी ओरड केली, आणि पाच-सहा आठवड्यांतच सरकारने तो मागे घेत असल्याचे जाहीर करून जुनाच कायदा काही दुरुस्त्यांसह परत आणला. सार्वमताला दोन महिने उरले होते. माझे घर या खनिजावर चालते, भारतातल्या माझ्या आईवडिलांचे औषधपाणीही. मी यातून काही निष्कर्ष काढीत नाही, फक्त आपण कोठे उभे आहोत ते नोंदवतो.

घाटवाट (पुणे):

चर्चा फार वजनदार चालली आहे, तरी एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. पुढच्या वर्षी मुलाकडे येणार आहोत आणि उलुरूला जायचे आहे. आमची वये पासष्टच्या पुढची आहेत. कोणता महिना बरा, आणि चालण्याची फेरी झेपेल काय?

तांबडमाती:

@घाटवाट, मे ते सप्टेंबर. दिवसा हवा छान असते, पण जुलैत पहाटे पारा शून्याखाली जातो, तेव्हा महाबळेश्वरची थंडी समजून येऊ नये. उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढे तापते आणि काही वाटा सकाळी अकरा वाजता बंद करतात. फेरी सपाट आहे. पूर्ण जमली नाही तर मुतिजुलूच्या पाणवठ्यापर्यंतचा तुकडा अवश्य करावा. माश्यांसाठी तोंडावर घ्यायची जाळी घ्यावी, ती घालून आपण फार विनोदी दिसतो आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी हसत नाही. संध्याकाळनंतर गाडी चालवू नये, कांगारू आणि मोकाट उंट रस्त्यावर येतात. हे उंट मूळचे आपल्याकडचेच, एकोणिसाव्या शतकात कराचीमार्गे आणलेले. त्यांच्याबरोबर बलुची, पठाण, पंजाबी उंटवाले आले आणि त्या सगळ्यांना येथे सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले. तार आणि रेल्वे यांचे सामान त्यांनी वाहिले, काहींनी मूलनिवासी स्त्रियांशी संसार थाटले. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. किंग्ज कॅनियनहून मेरीनीच्या कच्च्या रस्त्याने जाणार असाल तर तो मूलनिवासींच्या जमिनीतून जातो, आधी परवाना घ्यावा लागतो. भाड्याच्या साध्या गाडीला तेथे सहसा मनाई असते.

कोरांटी:

मी पुन्हा आले, कारण एक गोष्ट लिहू की नको असे चालले होते. २००९ मध्ये आम्ही उलुरूला गेलो होतो आणि यजमान वर चढले होते. त्यांनी तेथून सुपारीएवढा एक तांबडा खडा आणला. तो इतकी वर्षे आमच्या देवघरात, शाळिग्रामाशेजारी आहे. मी त्याला रोज पाणीही घालते. आता तो परत पाठवावा असे वाटते. कसा पाठवतात?

तांबडमाती:

@कोरांटीताई, टपालाने पाठवता येतो, पत्ता उद्यानाच्या संकेतस्थळावर मिळेल. जगभरातून असे दगड परत येतात, बहुतेकांबरोबर क्षमेचे पत्र असते. तेथे त्यांना ‘सॉरी रॉक्स’ असेच नाव पडले आहे. नेमका कोठून उचलला ते यजमानांना आठवत असेल, तर चिठ्ठीत अवश्य लिहावे. ज्यांची जागा ठाऊक नाही असे दगड पुन्हा कोठेही ठेवून देता येत नाहीत.

कोरांटी:

यजमानांना विचारले. ‘वाटेत कोठेतरी’ म्हणतात.